मीटरचे सील

टॅक्सी या वाहनाचे नाव त्यात बसवलेल्या यंत्रावरून पडले आहे. जर्मन भाषेत ‘टाक्से’ म्हणजे ठरवून दिलेला आकार आणि तो मोजणारे यंत्र म्हणजे ‘टाक्सामीटर’. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हे यंत्र जर्मनीत तयार झाले, 1897 मध्ये ष्टुटगार्ट येथे ते मोटारीवर चढले आणि पुढे त्याचे अर्धे नाव साऱ्या वाहनालाच चिकटले. एका अर्थाने टॅक्सी म्हणजे मीटर असलेली गाडी, आणि मीटर म्हणजे प्रवासी व चालक या दोघांनाही ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही असा तिसरा पक्ष. कारण त्यातला दर सरकारने ठरवलेला असतो, त्याची मोजणी सरकारी माणसाने तपासलेली असते आणि त्यावर सरकारी सील असते. त्यामुळे टॅक्सीसेवेचे नियमन सरकारने करावे की करू नये, हा गेली दहा-बारा वर्षे भारतात रंगलेला वाद काहीसा उशिरा आणि काहीसा चुकीच्या टोकापासून सुरू झाला, असे म्हणावे लागते. नियमन टॅक्सीला बाहेरून येऊन चिकटलेले नाही, ते तिच्या नावातच आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपने ते संपवलेही नाही. दर ठरवण्याचा, चालकाला आत घेण्याचा, त्याला शिस्त लावण्याचा आणि बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार त्याने गुपचूप आपल्याकडे घेतला, आणि सील तेवढे मागे राहिले.

रस्त्यावर हात करून थांबवलेल्या टॅक्सीचा बाजार भाजीबाजारासारखा का चालत नाही, हे आधी पाहायला हवे. मंडईत चार गाळ्यांवर भाव विचारून पाचव्यावर खरेदी करता येते. पावसात, रात्री अकरा वाजता, हातात सामान आणि सोबत म्हातारी माणसे असताना पाचव्या टॅक्सीची वाट पाहण्याची चैन कोणालाच परवडत नाही. शिवाय तो चालक पुन्हा भेटण्याची शक्यता जवळजवळ नसते, त्यामुळे गिऱ्हाईक टिकवण्यासाठी वाजवी भाव लावण्याचा दुकानदारी धाक त्याच्यावर चालत नाही, आणि परक्या गावातून आलेल्या प्रवाशाला तर अंतर किती, रस्ता कोणता, यातलेही काही ठाऊक नसते. एका बाजूकडे माहिती आणि दुसऱ्या बाजूकडे नड, अशी ही स्थिती आहे. स्वीडनने 1990 मध्ये टॅक्सीची संख्या आणि दर ही दोन्ही बंधने उठवली. गाड्या वाढल्या, पण अपेक्षेप्रमाणे दर काही उतरले नाहीत, आणि अखेरीस प्रत्येक टॅक्सीच्या काचेवर 10 किलोमीटर व 15 मिनिटांच्या नमुना प्रवासाचा दर ठळक छापण्याची सक्ती त्या देशात आली. दर मोकळा ठेवला तरी तो कसा दाखवायचा याचे नियम करावेच लागले.

मुंबईत हे नियमन घोडागाडीच्या काळापासून आहे. व्हिक्टोरिया, मग मोटारी, मग 1964 नंतरची फियाट आणि तिचेच पुढे झालेले नामकरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी, अशी या शहराच्या भाड्याच्या गाड्यांची परंपरा सांगता येते. काळ्या-पिवळ्या पद्मिनीची शेवटची नोंदणी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत आरटीओत, 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली, आणि टॅक्सीचे आयुष्य 20 वर्षांचे ठरलेले असल्याने 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून उमटलेल्या हळहळीत एक गोष्ट दुर्लक्षित राहिली, ती अशी की पद्मिनीला निरोप देण्याची तारीख कोणत्याही बाजाराने नव्हे तर एका सरकारी नियमाने नेमकी ठरवली होती. गाडीचे वय, गाडीचा रंग, चालकाच्या छातीवरचा बॅज, गाडीचे परमिट, वार्षिक पासिंग, मीटरचा दर, इतकेच काय, रिक्षांनी माहीम व शीव यांच्या दक्षिणेला यायचे नाही हेसुद्धा नियमानेच ठरते, आणि मुंबईकर त्याला शहराचा स्वभाव समजतो.

या सर्व बंधनांत परमिटांच्या संख्येवरचे बंधन सर्वांत जास्त बिघडले. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 74 अन्वये मोठ्या शहरांत किती टॅक्सी-रिक्षा असाव्यात याची कमाल मर्यादा घालता येते. महाराष्ट्रात 1997 मध्ये नवी परमिटे गोठवली गेली आणि पुढची दोन दशके ती बहुतांशी तशीच राहिली. शहर उत्तरेला विरारपर्यंत आणि पूर्वेला पनवेलपर्यंत पसरत होते, तरी काळ्या-पिवळ्या टॅक्सी काही वाढल्या नाहीत. 1990 च्या दशकाअखेरीस साठ हजारांच्या घरात असलेली त्यांची संख्या उलट घटत गेली. ज्या वस्तूचा पुरवठा कायद्याने थांबवला जातो तिला आपोआप किंमत येते, आणि परमिटाला ती आली. ज्याच्या नावावर परमिट तो घरी बसून दिवसाचे भाडे घेणार, आणि प्रत्यक्ष गाडी चालवणारा दुसराच कोणी, पाळीवर राबणारा, अशी व्यवस्था रुजली. भाडे नाकारण्याचा रोग याच मातीतला आहे. गाड्या कमी आणि माणसे जास्त असली की चालकाला लांबचे, सोयीचे भाडे निवडता येते. कायद्यात भाडे नाकारणे हा दंडनीय गुन्हा असला तरी स्टँडवर उभ्या माणसाला त्याचा उपयोग तक्रारपेटीइतकाच.

याच चुकीचे परिणाम न्यूयॉर्कमध्ये फार भीषण झाले. तेथे 1937 च्या हास कायद्याने टॅक्सींची संख्या बांधून टाकली, परवाना म्हणून गाडीच्या पुढच्या भागावर धातूचा एक बिल्ला ठोकला जाई, आणि त्या बिल्ल्यांची खरेदीविक्री होत होत 2014 च्या सुमारास एकेकाची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. त्यासाठी कर्ज काढणाऱ्यांत दक्षिण आशियातून आलेले स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. अ‍ॅपच्या गाड्यांना हा बिल्ला लागत नसल्यामुळे भाव कोसळला तेव्हा कर्ज मात्र होते तेवढेच राहिले. 2018 मध्ये तेथील काही चालकांनी आत्महत्या केल्या, आणि 2021 मध्ये संघटनेच्या उपोषणानंतर शहराने कर्जमाफीची योजना मान्य केली. न्यूयॉर्क शहराला इथे तिहेरी दोष द्यावा लागतो: कृत्रिम टंचाई त्यानेच निर्माण केली, तिला संपत्तीचे रूप येऊ दिले, आणि मग एका रात्रीत तिच्याकडे पाठ फिरवली. मुंबईचे परमिट त्या उंचीला कधीच गेले नाही, म्हणून मुंबईतली पडझड इतकी दिसली नाही, एवढेच.

दराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. वाहनाची किंमत, इंधन, विमा, दुरुस्ती, कर आणि चालकाचा उदरनिर्वाह हे सर्व घटक एका सूत्रात बसवून भाडे काढावे, म्हणजे दरवाढीचे राजकारण होणार नाही, या अपेक्षेने राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी पी. एम. ए. हकीम यांची एकसदस्य समिती नेमली, तिच्या सूत्रावर 2012 ची भाडेवाढ झाली, आणि मुंबई ग्राहक पंचायतीने त्या सूत्रावर आक्षेप घेत उच्च न्यायालय गाठले. पुढे 2016 मध्ये बी. सी. खटुआ यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती आली, तिने लांबच्या प्रवासाला दर किलोमीटरमागे उतरता आकार आणि दुपारच्या रिकाम्या वेळेत सवलत अशा बऱ्याच शहाण्या सूचना केल्या. समित्या शहाण्या होत्या, अंमलबजावणी मात्र निवडणुकीच्या वेळापत्रकाने चालली. टॅक्सीचे किमान भाडे 2015 मध्ये 22 रुपये झाले ते मार्च 2021 पर्यंत 22 रुपयेच राहिले. मग ते 25, ऑक्टोबर 2022 पासून 28, आणि फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये व पुढे किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे झाले. ज्या सहा वर्षांत हे भाडे थिजले होते नेमक्या त्याच वर्षांत अ‍ॅपच्या कंपन्या प्रवाशांना सवलतीचे कूपन आणि चालकांना रोख बक्षिसी वाटत होत्या, हा योगायोग काळ्या-पिवळ्या टॅक्सीला फार महागात पडला. सरकारने तिचे हात बांधून ठेवले आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याला परक्या भांडवलाची सोबत मिळाली.

हा प्रतिस्पर्धी कायद्याच्या कोणत्या दारातून आत आला, हे समजून घेण्यासारखे आहे. फोनवर मागवायच्या वातानुकूलित टॅक्सींची योजना महाराष्ट्राने 2006 मध्ये आणली आणि 2007 पासून मेरू या कंपनीच्या गाड्या मुंबईत दिसू लागल्या. त्या निदान योजनेच्या चौकटीत, मीटर लावून धावत होत्या. मुंबईत 2010 च्या अखेरीस सुरू झालेली ओला आणि 2014 मध्ये मुंबईत उतरलेली उबर यांनी मात्र शहरातल्या टॅक्सीचे परमिट बाजूलाच ठेवले. त्यांच्याशी जोडलेल्या गाड्या प्रामुख्याने पर्यटक परवान्यावर होत्या. हा परवाना मुळात नाशिक-शिर्डी किंवा महाबळेश्वरला प्रवासी घेऊन जाणाऱ्या गाडीसाठी असतो. त्याला मीटर लागत नाही, ठरलेला दर लागत नाही, संख्येची मर्यादा नसते. अंधेरीहून दादरला निघालेला माणूस कागदोपत्री पर्यटक ठरला. या कंपन्यांचे म्हणणे असे की त्या वाहतूक करतच नाहीत, त्या केवळ चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देणाऱ्या तंत्रज्ञान संस्था आहेत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये बार्सिलोनाच्या टॅक्सीवाल्यांच्या खटल्यात उबरचा हा बचाव फेटाळला आणि ही सेवा वाहतुकीचीच आहे असे ठरवले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरचे चालक हे स्वतंत्र व्यावसायिक नसून किमान वेतनाचे हक्कदार कामगार आहेत असा निवाडा दिला, आणि त्याची कारणे साधी होती: भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, आणि प्रवाशाने दिलेल्या गुणांवरून चालकाला ठेवायचे की काढायचे हेही कंपनीच ठरवते.

ही कारणमीमांसा मराठी चालकाच्या बोलीत ‘आयडी ब्लॉक झाली’ या तीन शब्दांत येते. आरटीओला एखाद्याचे परमिट रद्द करायचे असेल तर नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि निर्णयाविरुद्ध अपील असते. आयडी ब्लॉक होते तेव्हा यातले काहीच नसते. मागणी वाढली की दर आपोआप चढवण्याच्या पद्धतीला ‘सर्ज’ म्हणतात. तिच्या बाजूने असे सांगितले जाते की चढ्या दरामुळे अधिक चालक त्या भागाकडे वळतात, आणि हे बऱ्याच अंशी खरेही आहे. पण डिसेंबर 2014 मध्ये सिडनीतल्या एका कॅफेत बंदूकधाऱ्याने लोकांना ओलीस धरले आणि आसपासची माणसे पळू लागली, तेव्हा उबरच्या गणकाने, म्हणजे दर काढणाऱ्या संगणक प्रणालीने, त्या भागातले दर चढवलेच. टीका झाल्यावर कंपनीला पैसे परत करावे लागले. गणकाला पळापळ आणि गर्दी यांतला फरक कळत नाही, त्याला केवळ मागणी कळते. मुंबईत पावसाने लोकल बंद पडलेल्या संध्याकाळी हेच लहान प्रमाणात घडते.

भारतीय कायद्याला या साऱ्याची जाग दिल्लीतल्या एका अमानुष घटनेने आली. डिसेंबर 2014 मध्ये अ‍ॅपने मागवलेल्या गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला, चालकाचा चारित्र्याचा दाखला बनावट निघाला, आणि सारा देश विचारू लागला की या गाडीला जबाबदार कोण. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने ‘अ‍ॅग्रिगेटर’ ही व्याख्या आली. महाराष्ट्राच्या शासकीय मराठीत त्याला ‘समुच्चयक’ म्हणतात, म्हणजे प्रवासी व चालक यांना जोडून देणारा डिजिटल मध्यस्थ, आणि कलम 93 अन्वये त्याला राज्याचा परवाना बंधनकारक झाला. केंद्राने नोव्हेंबर 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली: मूळ भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त सर्ज नाही, भाड्यातले किमान 80 टक्के चालकाला, दिवसाला बारा तासांपेक्षा जास्त काम नाही. महाराष्ट्राने तरीही स्वतःचे नियम केले नाहीत, आणि मार्च 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की परवान्याशिवाय हा धंदा चालू शकत नाही, सर्वांनी तातडीने अर्ज करावेत. जानेवारी 2023 मध्ये दुचाकी टॅक्सीची एक मोठी सेवा त्याच न्यायालयाने राज्यात थांबवली. पुण्याच्या परिवहन प्राधिकरणाने 1 जानेवारी 2024 पासून वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला 37 आणि पुढे किलोमीटरला 25 रुपये असा दर लागू केला, आणि अ‍ॅपवर तो दिसेना म्हणून पुण्यातले चालक रस्त्यावर आले. केंद्राने जुलै 2025 मध्ये सर्जची मर्यादा मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत नेली, महाराष्ट्राने मात्र दीडपटच ठेवली, सवलत 25 टक्क्यांपर्यंतच अशी दराला खालची मर्यादाही घातली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये मुंबई महानगर प्रदेशात अ‍ॅपच्या कॅबसाठी किलोमीटरला 22 रुपये 72 पैसे असा मूळ दर जाहीर केला. त्याआधी जुलैत आझाद मैदानावर जमलेल्या चालकांची तक्रार होती की हातात किलोमीटरला 8 ते 12 रुपये पडतात.

कागदावर हे सर्व ठीक दिसते. खालची मर्यादा घालण्याचा विचार तर विशेष योग्य, कारण स्पर्धकाला संपवण्यासाठी तोट्यात विकायचे आणि तो संपल्यावर भाव चढवायचे, हा खेळ मुंबईने डोळ्यांदेखत पाहिला आहे. परंतु या नियमांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे कंपनी सांगेल ते अंतर, कंपनी सांगेल ते भाडे आणि कंपनी सांगेल तो चालकाचा वाटा खरा आहे. जुन्या मीटरबाबत सरकारने असे काहीच गृहीत धरले नव्हते. ‘मीटर फास्ट आहे’ अशी तक्रार आली की गाडी ठरावीक अंतर चालवून मीटर तपासता येई, सील तुटलेले दिसले की प्रश्न मिटला. अ‍ॅपमधला मीटर कोणी तपासावा, कोणत्या कार्यालयात, कोणत्या शिक्षणाच्या अधिकाऱ्याने, याचा विचार अजून सुरूच झालेला नाही. 2020 च्या तत्त्वांत गणनपद्धतीच्या पारदर्शकतेचा उल्लेख आहे खरा, पण मुंबईहून पुण्याला निघालेल्या दोन प्रवाशांना दोन वेगळे दर का दिसले, हे विचारण्याची सोय त्यात नाही. हा प्रश्न काल्पनिक नाही. फोन कोणत्या कंपनीचा आहे यावरून भाडे बदलते, या आरोपावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी 2025 मध्ये या कंपन्यांना नोटिसा दिल्या, आणि मे 2025 मध्ये प्रवासाआधीच टिप मागण्याच्या प्रथेवरून पुन्हा दिल्या. चालकांच्या भाड्याचे गणक एकाच ठिकाणाहून चालत असेल तर ती भावसंगनमताची पद्धत ठरते काय, असा प्रश्न स्पर्धा आयोगापुढे गेला होता. आयोगाने 2018 मध्ये तो नाकारला आणि 2020 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय टिकला.

इतक्यात जमीनच सरकू लागली आहे. बंगळुरूत नम्म यात्री या सेवेने चालकाकडून कमिशन न घेता ठरावीक रोजची वर्गणी घेण्याची पद्धत रूढ केली, आणि मोठ्या कंपन्यांनीही रिक्षांच्या बाबतीत तीच वाट धरली. चालकाला ही पद्धत आवडते, कारण हातात पडणारे पैसे मोजता येतात. पण कायद्याच्या दृष्टीने तिचा अर्थ असा होतो की भाडे चालक आणि प्रवासी आपसात ठरवतात, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. मग 80 टक्क्यांचे कलम कोणाला लावायचे आणि सर्जची मर्यादा कोणी पाळायची? ज्या ओझ्यासाठी नियम केले ते ओझेच खांद्यावरून उतरवून ठेवण्याची ही युक्ती आहे, आणि ती कमिशनमुक्ती या गोड नावाने येते. मार्च 2025 मध्ये केंद्रीय सहकारमंत्र्यांनी लोकसभेत सहकारी टॅक्सीची घोषणा केली. ज्या राज्यात साखरेपासून दुधापर्यंत सहकाराचे वैभव आणि सहकाराची ऱ्हासकथा दोन्ही घडल्या, तेथील वाचकाने त्या घोषणेकडे आशेने आणि संशयाने, एकाच वेळी, पाहावे हे स्वाभाविक आहे.

गोव्याचे प्रकरण निराळे आणि अधिक बोलके आहे. तेथे टॅक्सी बहुधा एका कुटुंबाची, चालवणारा तोच मालक, आणि हा धंदा पर्यटनाने गिळलेल्या गावातली शेवटची स्थानिक मिळकत. गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने 2018 मध्ये गोवामाइल्स हे अ‍ॅप आले तेव्हापासून आंदोलने थांबलेली नाहीत. मोपा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाल्यावर पेडण्यातल्या चालकांनी तेथल्या भाड्यांवर पहिला हक्क सांगितला, आणि समुच्चयकांसाठी 2025 मध्ये काढलेला मसुदा विरोधानंतर सरकारने गुंडाळला. दिल्ली-मुंबईच्या पर्यटकाला ही गुंडगिरी वाटते. पण पेडण्याच्या चालकाचा मूळ मुद्दा, म्हणजे आपल्या गावच्या उत्पन्नातला वाटा बाहेरच्या भांडवलाने का घ्यावा, हा अडाणीपणाचा नाही. अडचण एवढीच की हीच मंडळी डिजिटल मीटरलाही वर्षानुवर्षे हुलकावणी देत आली. उच्च न्यायालयाच्या रेट्याने 2021 मध्ये मीटर आले, सरकारने त्यांचा खर्च भरून देऊ केला, तरी कळंगुटच्या स्टँडवर आजही भाडे बोलूनच ठरते. स्थानिकांचा हक्क मान्य करावा, पण मीटरशिवाय त्या हक्काला हिशोब राहत नाही.

मुंबईत सध्या जे चालले आहे ते पाहण्यासारखे आहे. जुन्या यांत्रिक मीटरच्या दिवसांत दरवाढ झाली की मीटरवर जुनेच आकडे येत आणि चालक पुढच्या कप्प्यातून टॅरिफ कार्ड काढी, म्हणजे मीटरचा आकडा आणि प्रत्यक्ष द्यायचे भाडे यांचा छापील तक्ता. प्रवासी दिव्याच्या उजेडात बोट फिरवून ओळ शोधी आणि मग दोघांत चार शब्द होत. 2025 च्या पावसाळ्यापासून अ‍ॅपच्या कॅबचे कितीएक चालक मोबाइलवर दुसरीच एक खिडकी उघडून ठेवतात. तिच्यात सरकारी दराने निघणारे भाडे दिसते, अ‍ॅपमध्ये कंपनीचे दिसते, आणि प्रवास संपताना चालक फोन मागे वळवून प्रवाशाला दोन्ही आकडे दाखवतो. प्रवासी म्हणतो, बुकिंगला इतकेच दाखवले होते. चालक म्हणतो, सरकारचा दर हा आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असतात, आणि त्या दोन आकड्यांपैकी एकावरही सील नसते.